काय दिसतंय ते वाचा

लालासाहेब : ...मग तिरकी रेघ, मग होम, परत तिरकी रेघ, मग आपल्या पुनर्विवाह केंद्राचं नाव, 'नवी सोयरीक'. लय लांबलचक पान हाय पोरी. सगळंच वाचू म्हणतीस?

श्रद्धा : सगळं वाचा काका, नेहमीसारखं. मी बाहेर आहे, पुष्करबरोबर. सांगलीतच, विश्रामबागेत गाडी कडेला लावून फोनवर थांबलोय तुमच्यासाठी. सगळ्यात वर काय आहे?

लालासाहेब : वर इंग्रजीत हाय, ठळक. एफ, ए, टी... फेटल. फेटल एरर. आमच्या फौजेत फेटल म्हणलं की माणूस गेला. हितं कोण गेलं?

श्रद्धा : कोणी नाही गेलं, वेबसाइटची पद्धत आहे बोलायची. त्याआधी तुम्ही काय केलंत?

लालासाहेब : म्या कायबी केलं न्हाई. सकाळी म्हसवडची एक बाई आली केंद्रात, भावाला घेऊन. म्हणली, 'सुभेदार, तुमची वेबसाइट खुळ्यावानी कराय लागलीया. पसंती कळवायचं बटन दाबलं की पानभर इंग्रजी येतंय.' म्हणलं बघू तरी. नाव न बघताच पयलं पान उघडलं आन् बटन दाबलं.

श्रद्धा : एसएमएसचं असणार. बटण दाबलं की मुलीकडच्यांना एसएमएस जातो, तो जात नाहीये. पैसे भरलेत का त्या कंपनीचे?

लालासाहेब : त्ये... ऱ्हायलं. गावची जत्रा होती गं. तमाशाची सुपारी द्यायची का हे बघायचं?

श्रद्धा : झालं तर मग. एवढ्याशा कारणासाठी पानभर एरर, आणि तीही येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना. काका, मी किती वेळा म्हटलं, ते दिसणं बंद करू या. लोकांना दोन ओळी पुरेत. 'काही अडचण आली आहे. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' आत काय बिघडलंय ते फक्त माझ्याकडे लिहून येतं.

लालासाहेब : आन् म्या किती येळा सांगितलं, असली कारकुनी उत्तरं माझ्या केंद्रात चालायची न्हाईत. 'साहेब जेवायला गेल्यात, उद्या या.' आरं, पर झालंय काय ते सांग की बाबा! आमच्या तोफखान्यात कुणाची चूक झाली की सकाळच्या हजेरीला सगळ्यांम्होरं वाचायचे. झाकायला आपण काय चोरी केलीया?

श्रद्धा : घरातलं असं वेशीवर टांगत नाहीत, एवढंच म्हणते मी.

लालासाहेब : आन् टांगलं कुणी? तूच की. मागं साइट बंद पडली, तू इचारलंस काय दिसतंय, म्या म्हणलं काय न्हाई, पांढरं फटक. तवा तूच चालू केलंस हे. म्हणालीस, आता जे दिसंल ते वाचून दाखवा.

श्रद्धा : केलं. एका दिवसापुरतं केलं होतं. बंद करायला निघाले तर तुम्ही नको म्हणालात, आणि मग मलाही सोयीचं पडायला लागलं. तुम्ही वाचता, मी उभ्या उभ्या सांगते. खरं आहे तुमचं. चला, वाचा पुढं.

लालासाहेब : पुढं आकडं हाईत. मग लिवलंय पासवर्ड, आन् त्याच्याम्होरं एस, ए, आर...

श्रद्धा : काका, तो मोठ्यानं वाचू नका!

लालासाहेब : आगं, बैलाचं नाव हाय ते आमच्या. हितं ऐकतंय कोण? म्या एकटाच हाय.

श्रद्धा : तुमच्याजवळ कोणी नाही हो. पण बटण दाबणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतंय. बदलून टाकते मी आज. बरं, त्याच्याखाली?

लालासाहेब : त्याच्याखाली लिवलंय 'टू'. टू म्हंजे कुणाला, व्हय ना? मग मोबाइल नंबर. नऊ सात... सगळा वाचू?

श्रद्धा : वाचा, पुष्कर लिहून घेतोय. कोणाचा मेसेज अडकलाय ते कळेल.

लालासाहेब : नऊ सात सहा चार, शून्य दोन, आठ आठ, एक पाच. दुसरा नंबर म्हणून आनी एक हाय. मग ॲड्रेस. केअर ऑफ हरणाबाई मेस. कंपन्यांच्या रस्त्याला, पाण्याच्या टाकीमागं. दुसरा मजला, जिन्याला लागून पयली खोली. शिर...

श्रद्धा : शिराळा? ...काका? आवाज गेला का? हॅलो?

लालासाहेब : शिरवळ.

श्रद्धा : शिरवळ. बरं. पुढं?

लालासाहेब : पुढं काय न्हाई पोरी. ह्यो अंजनाचा पत्ता हाय. माझ्या अंजनाचा.

श्रद्धा : तुमच्या मुलीचा? त्या आहेत आपल्या साइटवर? मला कधी बोलला नाहीत.

लालासाहेब : तिलाबी न्हाई बोललो. कोर्टातनं काडीमोडाचा कागद झाला आन् म्या नाव घातलं. म्हणलं, गावच्या पोरींची लगनं दुसऱ्यांदा लावून देतोय, आपलीच का ऱ्हावी? चांगलं स्थळ आलं की मग सांगू तिला.

श्रद्धा : आणि पत्ता शिरवळचा? मी सांगितलं होतं ना, बायकांच्या नावापुढं केंद्राचा पत्ता घाला म्हणून.

लालासाहेब : रकान्यात लिवलंय, 'सध्याचा पत्ता'. सध्या ती तितं ऱ्हाती. खोटं कसं लिवायचं? आन् तूच म्हणाली हुतीस, पत्ता कुणाला दिसत न्हाई, आतच ऱ्हातो.

श्रद्धा : आतच राहतो. फक्त एरर आली की... ती आतलं सगळं बाहेर आणून ठेवते. काका, त्यांचा पत्ता कळला तर काय होईल? तुमचा आवाज असा का झालाय?

लालासाहेब : तिचा नवरा. हुता त्यो. कवठे महांकाळचा, वीरधवल. कागद झाला तरी त्यो मानत न्हाई. म्हणतो, माझी बायको माझ्या घरातनं न्यायला कोर्ट कोण? दोनदा हुडकून काढलं तिला. साताऱ्याला हात मोडला तिचा, मनगटातनं. तवापासनं शिरवळला हाय. भावकीत कुणाला ठावं न्हाई. तिच्या आईला, मला आन् देवाला.

श्रद्धा : बाहेर कोणालाही काय दिसतं त्यांच्या नावावर? अंजना, वय, बीएस्सी, मूळ गाव वडूज. ओळखणाऱ्याला तेवढं पुरे झालं. मग बटण दाबायचं. बास.

लालासाहेब : तिला फोन लाव. आत्ता लाव.

श्रद्धा : लावते. तुम्ही ठेवू नका, मी जोडून घेते त्यांना.

अंजना : हॅलो. कोण?

श्रद्धा : अंजनाताई, मी श्रद्धा, सांगलीहून. तुमच्या वडिलांच्या केंद्राची वेबसाइट मी सांभाळते. काकापण आहेत फोनवर.

अंजना : हळू बोला. आबा हाईत?

लालासाहेब : हाय बाळा! कुटं हाईस तू?

अंजना : खोलीवर. आज सुट्टी हाय मला. आबा, हळू, तुमचा आवाज फोनच्या भाईर जातो.

लालासाहेब : बरं. बरं. काय झालंया? बोल की.

अंजना : त्यो आलाय.

लालासाहेब : कुटं?

अंजना : खाली. समोरच्या चहाच्या टपरीवर बसलाय मघापासनं. म्या गॅलरीत कपडे काढाय गेले तर वर बघत हुता. नुसता हसला. आनी चहा पीत बसला. आबा, त्याला गडबड न्हाई. त्याला ठावं हाय म्या हितंच हाय.

लालासाहेब : मागनं निघ. खिडकीतनं गच्चीवर जा.

अंजना : खिडकीला गज हाईत. म्याच हरणाबाईंच्या मागं लागून बसवून घेतलं. चोर नको यायला म्हणून.

लालासाहेब : आन् जिना?

अंजना : एकच हाय. आनी जिन्याला लागूनच माझी खोली. म्या दार उघडायचं आनी त्यानं टपरीवरनं उठायचं, कोण आधी पोचंल सांगा.

लालासाहेब : म्या निघालो. धनाजीची जीप काढतो. तू दार उघडू नगंस.

अंजना : वडूजवरनं? तुमी येईस्तवर काय ऱ्हातंय हितं? आबा, फोन ठेवू नका, एवढंच करा.

श्रद्धा : ताई, पुष्कर पोलिसांना एकशे बारावर फोन लावतोय, माझे मिस्टर. खोलीचा पत्ता सांगतोय त्यांना.

अंजना : सांगा. येतील तवा येतील. मागच्या बारीला आलेल्यांनी आमाला समोरासमोर बसवून समजूत घातली. भांड्याला भांडं लागतंच म्हणाले. तवर मनगट सुजून भाकरीएवढं झालं हुतं.

लालासाहेब : तसं न्हाई व्हायचं. आता कागद हाय आपल्याकडं.

अंजना : कागद दाराला लावू का आबा?

श्रद्धा : ताई, आजूबाजूला कोण आहे? कोणी बायका?

अंजना : सगळ्या कंपनीत गेल्यात. खाली मागच्या अंगाला हरणाबाईंची मेस हाय. पर मिक्सर चालू असला की त्यांना हाक ऐकू जात न्हाई, फोन तर ऱ्हायलाच. सुनेचा नंबर हाय माझ्याकडं, पर फोन कानाचा काढला तर... थांबा.

लालासाहेब : काय झालं?

अंजना : टपरीवर न्हाई आता. म्या पडद्याच्या फटीतनं बघतीया. न्हाई तितं.

श्रद्धा : गेला असेल.

अंजना : गाडी हाय. त्यो न्हाई. ...जिन्यात हाय. चपलांचा आवाज येतोय. सावकाश चढतोय बघा कसा, पावण्याच्या घरी जेवाय आल्यावानी.

लालासाहेब : कडी लावलीस?

अंजना : कडी लावलीया, बोल्ट लावलाय, गव्हाचा डबा सरकवलाय दाराला.

श्रद्धा : काका! ते पान अजून समोर आहे ना तुमच्या? तो 'दुसरा नंबर' कोणाचा आहे?

लालासाहेब : हरणाबाईच्या सुनेचाच. पोरीनं फोन न्हाई उचलला तर असावा म्हणून म्याच लिवला हुता.

श्रद्धा : काय दिसतंय ते वाचा. सावकाश, एकेक आकडा. पुष्कर, घे.

लालासाहेब : आठ तीन नऊ शून्य. चार चार. सात एक. दोन सहा. थांब, परत बघू दे... व्हय. दोन सहा.

श्रद्धा : लावतोय तो. ताई, तुम्ही बोलू नका. नुसतं ऐका आमचं.

अंजना : दार वाजवतोय.

लालासाहेब : आरं, हिंमत असंल तर...

अंजना : आबा, गप. गप बसा. त्याला वाटू दे म्या एकटी हाय न्हाईतर न्हाई, काय वाटायचं ते वाटू दे. ...बोलतोय कायतरी. गोड बोलतोय. गोड बोलाय लागला की मला लय भ्या वाटतं.

श्रद्धा : काय म्हणतोय?

अंजना : म्हणतोय, अंजे, दार उघड, आईनं तुझ्यासाठी करंज्या दिल्यात. म्हणतोय, कशाला लपतीस... म्हणतोय...

लालासाहेब : काय म्हणतोय?

अंजना : म्हणतोय, तुझ्या बापानंच पत्ता दिला मला.

लालासाहेब : खोटारडं...

अंजना : म्हणतोय, मोबाइलवर हाय माझ्याकडं, दाखवू का. जिन्याला लागून पयली खोली, असं वाचून दाखवतोय. आबा, जिन्याला लागून म्हणून तर तुमीच म्हणता. तुमी हितं पयल्यांदा आला हुता तवा आईला फोनवर असंच सांगत हुता. त्याला कुणी सांगितलं हे?

श्रद्धा : ताई, त्यात काकांचा...

लालासाहेब : तू बोलू नगं श्रद्धा. अंजना, म्याच दिला.

अंजना : काय?

लालासाहेब : म्या तुझं नाव वेबसाइटवर घातलं. दुसऱ्या लगनासाठी. खरा पत्ता लिवला. आन् साइट बिघडली की सगळं दिसू दे असं म्याच हट्टानं करून घेतलं. तितनं घेतला त्यानं. म्हंजे म्याच दिला की. दुसरं काय म्हणायचं ह्याला?

अंजना : कुणाला इचारून घातलं?

लालासाहेब : कुणाला न्हाई.

अंजना : मला पायजे हुतं का लगीन?

लालासाहेब : तुझं परत घर व्हावं वाटलं, बाळा.

अंजना : माझं घर झालं हुतं आबा. ही खोली. दहा बाय दहाची. हितं कुंडीत म्या कडीपत्ता लावलाय, त्याला पानं फुटल्यात. कोपऱ्यात गॅस हाय. रात्री लाईट चालू ठेवून झोपले तरी कुणी कटकट करत न्हाई. हेच घर हुतं. तुमाला कळलंच न्हाई.

लालासाहेब : न्हाई कळलं.

अंजना : आता जोरात वाजवाय लागलाय.

श्रद्धा : ताई, सूनबाईंनी फोन उचलला! त्या सासूबाईंना सांगतायत. थोडा वेळ. अगदी थोडा वेळ.

अंजना : ताई, एक सांगा. ते पान अजून तसंच हाय? आत्ता कुणी बटन दाबलं तर?

श्रद्धा : ...तसंच आहे.

अंजना : त्यात माझ्यासारख्या किती हाईत?

श्रद्धा : पुनर्विवाहाचं केंद्र आहे ताई. निम्म्याअधिक.

अंजना : मग बंद करा की! माझं दार काय व्हायचं ते हुईल. आधी ते बंद करा.

श्रद्धा : करतेय. मोबाइलवरूनच आत शिरतेय. ...काका, खातं तुमच्या नावावर आहे. तुम्हाला एसएमएसनं सहा आकडी नंबर आला असेल, तो सांगा. लगेच सांगा, फार वेळ टिकत नाही तो.

लालासाहेब : मोबाइल कानाला हाय.

श्रद्धा : स्पीकरवर टाका आणि बघा.

लालासाहेब : तोफांनी खाल्लेला कान हाय पोरी, स्पीकरवर नुसता गोंगाट कळतो. कानाला दाबून धरला तरच पोरीचा शब्द कळतो. कानाचा काढला आन् तिनं हाक मारली तर?

अंजना : काढा आबा. म्या न्हाई मारत हाक.

लालासाहेब : अंजना...

अंजना : काढा म्हणते न्हवं. बायका हाईत त्यात.

लालासाहेब : काढला बग. हाईस तितंच. हाईस ना? काढला.

अंजना : ताई.

श्रद्धा : मी आहे. मी ऐकतेय.

अंजना : खांद्यानं ढकलतोय. वरचा बोल्ट हालाय लागलाय. आबा... आबा!

श्रद्धा : मी आहे ताई, मी आहे. डब्यावर बसा. दाराला पाठ लावून बसा. त्या निघाल्यात, जिन्याकडं निघाल्यात, पुष्कर ऐकतोय त्यांना.

अंजना : आबा...

लालासाहेब : सापडला! शून्य सात, चार चार, नऊ तीन. ऐकलंस? शून्य सात चार चार नऊ तीन. अंजना, हाईस का? हाक मारलीस?

अंजना : न्हाई आबा.

श्रद्धा : आत गेले मी. बंद करते. ...बंद. काका, पूर्ण साइटच बंद केली. आता कोणाला काहीही दिसणार नाही.

लालासाहेब : दार?

अंजना : हाय अजून. थांबलाय. ...खालनं आवाज येतोय. हरणाबाई हाईत. लय शिव्या घालतायत. आबा, असल्या शिव्या म्या कवा ऐकल्या न्हाईत.

लालासाहेब : घालू दे.

अंजना : म्हणतायत, कोण रं तू, पोरीच्या दारात, बायकांच्या जिन्यात तुझं काय काम? सून बी हाय. भाकऱ्या थापणाऱ्या दोघी-तिघी हाईत. पोळपाट आपटल्यावानी वाजलं कायतरी. आता त्यो म्हणतोय, माझी बायको हाय ती.

श्रद्धा : मग?

अंजना : हरणाबाई म्हणतायत, तुझी असती तर दार तिनं उघडलं असतं.

लालासाहेब : शाब्बास. शाब्बास गं माऊली.

अंजना : उतरला. उतरला जिना. ...गाडीत बसलाय. काच वर घेतलीया. पर जाईना आबा. तितंच बसलाय, तोंड हिकडं करून.

श्रद्धा : बसू दे. पोलीस येतील.

अंजना : येतील, त्याला उठवतील. उद्या परत येईल. आता त्याला वाट ठावं झालीया ताई. दारात चार बायका कायमच्या उभ्या करू का म्या?

लालासाहेब : म्या येतो. घिऊन येतो तुला वडूजला.

अंजना : वडूजला त्यो डोळं मिटून येतोय आबा. सोयरा हाय न्हवं तुमचा.

श्रद्धा : मग काय करायचं?

अंजना : हरणाबाई दाराला तोंड लावून बोलतायत, ऐका. ...म्हणतायत, दुपारच्या डब्यांचा टेम्पो मागच्या दाराला लागलाय. मेसच्या मोरीतनं जिन्याखाली एक वाट हाय. डबं रचायचं आनी मधी बसायचं. कंपनीच्या गेटापर्यंत कुणी बघत न्हाई.

लालासाहेब : आन् तितनं पुढं?

अंजना : बघू.

लालासाहेब : बघू म्हंजे? कुटं जाणार सांग की. म्या येतो तिथवर.

अंजना : एका पिशवीत काय बसतंय ते भरते आबा. कडीपत्ता ऱ्हायला. हरणाबाई पाणी घालतील. ठेवते.

(पुढच्या महिन्यात. वडूजच्या केंद्रात लालासाहेब, सांगलीला घरी श्रद्धा. फोन तसाच कानाला.)

श्रद्धा : ...आणि बायकांचे पत्ते मी सगळे काढून टाकलेत, काका. साइटवर ठेवलेच नाहीत. ते तुमच्या कपाटात, कुलपात. पासवर्ड बदललाय. बैलाचं नाव नाही.

लालासाहेब : बरं केलंस. वीरधवलवरच्या तक्रारीच्या तारखेला तुझी साक्ष लागंल, पोलीस म्हणाले.

श्रद्धा : येईन की. माझीही चूक आहे त्यात, तेही सांगेन. अंजनाताईंचा फोन येतो का?

लालासाहेब : येतो. दर बारीला दुसऱ्याच नंबरवरनं. आईशी बोलती. माझ्याशी बी बोलती. रागावली न्हाई आता. त्येच वाईट वाटतंय गं, रागावली असती तर बरं झालं असतं.

श्रद्धा : कुठं आहेत?

लालासाहेब : न्हाई सांगत. म्या लय इचारलं. म्हणली, आबा, तुमाला न्हाई सांगायची, तुमाला खोटं बोलता येत न्हाई. बरोबर हाय तिचं. परवा त्यो आला हुता हितं. वीरधवल. ह्या खुर्चीत बसला. चहा घेतला माझा. म्हणला, मामा, सगळा तालुका जाणतो, सुभेदार खोटं बोलत न्हाई. एकदाच सांगा, अंजना कुटं हाय? म्या म्हणलं, ठावं न्हाई. लय येळ माझ्या तोंडाकडं बघत बसला. मग उठून गेला. खरंच ठावं न्हवतं न्हवं, म्हणून वाचली.

श्रद्धा : काका, साइटची ही तपासणी आपण नंतर करू या का? तुमची इच्छा नसेल तर...

लालासाहेब : न्हाई, आत्ताच कर. बायका थांबल्यात. म्हसवडची ती बाई तर रोज फोन करती. काय करायचं ते सांग.

श्रद्धा : बरं. एक खोटं नाव घाला आधी, तपासायला. मागच्यासारखं खऱ्या माणसाचं नको.

लालासाहेब : घातलं. 'बनुबाई' लिवलंय. गाव 'असंच कुटंतरी'. जन्मात पयल्यांदा खोटं लिवलं बग.

श्रद्धा : एसएमएस मी मुद्दाम बंद ठेवलाय. म्हणजे त्या दिवशीसारखीच एरर येणार. दाबा बटण.

लालासाहेब : दाबलं.

श्रद्धा : काय दिसतंय ते वाचा.

लालासाहेब : 'काही अडचण आली आहे. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.'

श्रद्धा : त्याच्याखाली?

लालासाहेब : खाली काय न्हाई.

श्रद्धा : चष्मा लावून नीट बघा. नाव, नंबर, पत्ता? कुठं कोपऱ्यात वगैरे?

लालासाहेब : न्हाई गं. पांढरं फटक हाय. कुणाची पोर, कुटं ऱ्हाती, जेवली का न्हाई... कायबी कळत न्हाई.

श्रद्धा : म्हणजे नीट चाललंय, काका.